जाताना साडेसात तास, येताना पावणेदहा: आईला घेऊन दिल्ली–टोकियो

२५ जानेवारीला आम्ही टोकियोहून परत आलो. आईची बॅग अजून पूर्ण रिकामी व्हायची आहे, पण तारखा आणि आकडे डोक्यात ताजे आहेत तोवर लिहून काढते आहे. कुणी आपल्या आईवडिलांना इतक्या लांब पहिल्यांदाच घेऊन निघणार असेल, तर त्याला उपयोग व्हावा एवढीच इच्छा.

माझी धाकटी बहीण टोकियोत असते. तिच्या बाळाची ही पहिली संक्रांत. गणपतीत तिचा फोन आला, "आई, बोरन्हाणाला तू हवीस." आई अडुसष्ट वर्षांची, राहते साताऱ्यात. रक्तदाबाची गोळी चालू, दोन्ही गुडघे दुखरे. विमानात ती कधी बसली नव्हती आणि पासपोर्टही नव्हता. मी नोकरीसाठी दिल्लीत. आईने मला फोन करून एकच विचारलं, "किती लांब आहे गं टोकियो?"

मी लगेच शोधून सांगितलं, दिल्लीपासून साधारण ५,८४० किलोमीटर. आई जरा थांबली आणि म्हणाली, "म्हणजे किती वेळ बसायचं?" खरं तर तिचा प्रश्न हाच होता, आणि त्याचं नीट उत्तर मिळायला मला पुढचे चार महिने लागले.

आधी पासपोर्ट. अर्ज ऑनलाइन भरला. छत्तीस पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे, आणि साठीच्या पुढच्यांना नव्या पासपोर्टवर दहा टक्के सवलत मिळते, म्हणून १,३५० भरले. पुण्यातल्या केंद्राची वेळ मिळाली २० सप्टेंबरची. मामेभाऊ तिला घेऊन गेला, दीड तासात काम झालं. पोलीस पडताळणीला हवालदार घरी आले तेव्हा आई घाबरून गेली होती, म्हणून आधीच सांगून ठेवा: आधार कार्ड, रहिवासाचा पुरावा आणि ओळखीचे दोन शेजारी हाताशी असले की पाच मिनिटांचं काम आहे. १४ ऑक्टोबरला पासपोर्ट पोस्टाने घरी आला.

मग तिकीट. इथे मी जवळजवळ चूक करणार होते. थेट विमानाचं जाऊन-येऊन भाडं माणशी ६८,४०० रुपये दिसत होतं आणि बँकॉकमार्गे ५१,०००. दोघींचे मिळून जवळजवळ पस्तीस हजार वाचत होते. पण बँकॉकमार्गे म्हणजे आधी चार तास, मग मधे साडेपाच तास थांबायचं, मग पुन्हा सहा तास. विमानतळावर वेळेआधी पोचायचे तीन तास धरले तर एकोणीस तासांच्या आसपास. मी स्वतः कागदावर दोन उभ्या रेघा मारून आईचा एकेक तास मांडला: कुठे झोपेल, गोळी कुठे घेईल, बाथरूमला किती चालावं लागेल. ते पाहिल्यावर थेट विमानच घेतलं. मुंबईहूनही टोकियोला थेट जाता येतं, ते आमच्या तारखांना जुळलं नाही. शिवाय मी दिल्लीत असल्यामुळे दिल्लीच सोयीची होती.

तिकीट काढताना टोकियोचा कोणता विमानतळ आहे तेही बघा. हानेदा शहराच्या कडेलाच आहे, मध्यवर्ती भागापासून पंधराएक किलोमीटरवर. नरिता साठेक किलोमीटर लांब. साडेसात तास बसून आलेल्या गुडघ्यांना पुढचा हा तास फार मोठा वाटतो. आम्ही हानेदा निवडलं.

वेळापत्रकात माझं लक्ष गेलं ते एका गोष्टीकडे. जाताना दिल्लीहून संध्याकाळी ७:४० ला निघून सकाळी ६:५० ला पोचायचं. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास असतं, म्हणजे प्रवास सात तास चाळीस मिनिटांचा. येताना सकाळी १०:४० ला निघून दिल्लीत दुपारी ४:३० ला. साडेतीन तास मिळवले की होतात नऊ तास वीस मिनिटं. अंतर तेच, विमान तेच, आणि फरक एक तास चाळीस मिनिटांचा. मला आधी वाटलं छापण्यात काही चूक असेल. दुसऱ्या कंपन्यांची वेळापत्रकं पाहिली, तिथेही तसंच. याचं कारण वारा, त्याबद्दल पुढे लिहिते.

व्हिसाचं प्रकरण सर्वांत जास्त दमवणारं होतं. पर्यटनासाठी जाणाऱ्या भारतीयांना एप्रिल २०२४ पासून जपानचा ई-व्हिसा मिळतो. पण आम्ही बहिणीच्या घरी राहणार होतो, म्हणून नातेवाइकांना भेटण्याच्या प्रकारात अर्ज केला. त्यासाठी बहिणीने तिकडून निमंत्रणपत्र, हमीपत्र, नोकरीचा दाखला, मिळकतीचा कागद आणि 'जुमिनह्यो' पाठवलं. जुमिनह्यो म्हणजे तिथल्या प्रभाग कार्यालयातून मिळणारा, घरातल्या सगळ्यांची नावं असलेला रहिवासी दाखला. कुरिअर यायला आठ दिवस गेले. आमच्या बाजूने सहा महिन्यांचं बँकेचं विवरण, आयकर विवरणपत्रं, तिकिटाचं आरक्षण आणि रोज कुठे असणार याचा तक्ता.

आणि नात्याचा पुरावा. तिथे आम्ही अडकलो. आईचं माहेरचं नाव वेगळं, लग्नात बदललेलं नाव वेगळं. बहिणीच्या जन्मदाखल्यावर दवाखान्यात कुणीतरी माहेरचंच नाव सांगितलेलं, आणि आईच्या नव्या पासपोर्टवर सासरचं. कागदावर त्या दोन वेगळ्याच बायका होत्या. आपल्याकडे त्या पिढीतल्या कितीतरी बायकांचं हे असंच आहे. आईला त्याचं फार वाईट वाटलं. "मी तिची आई आहे हे मला कागदावर दाखवायचं?" असं दोन-तीनदा म्हणाली. मग विवाह नोंदणीचा दाखला काढला, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घेतलं, आणि दोन्हींची इंग्रजी भाषांतरं जोडली. खर्च साधारण बाराशे रुपये, वेळ अकरा दिवस. तुमच्या घरात असं असेल तर तिकिटाच्या आधी हे काम हातात घ्या.

दुसरी अडचण हद्दीची. अर्ज राहत्या पत्त्याप्रमाणे द्यावा लागतो. महाराष्ट्र मुंबईच्या वकिलातीखाली येतो, म्हणून आईचा अर्ज २५ नोव्हेंबरला पुण्यातल्या व्हिसा अर्ज केंद्रात आणि माझा २७ तारखेला दिल्लीत. एकच निमंत्रण, दोन शहरं. दोन्ही फायलींमध्ये एकमेकींच्या अर्जाची प्रत लावली आणि वर साधं पत्र जोडलं की आम्ही मायलेकी एकत्र प्रवास करणार आहोत. फी भारतीयांसाठी अगदी कमी आहे, केंद्राचं सेवाशुल्कच त्याहून जास्त. दोन्ही मिळून माणशी दीड हजाराच्या आत. माझा व्हिसा सहा कामाच्या दिवसांत आला. आईचा येईना. एका संध्याकाळी वकिलातीतून तिला फोन आला, मुलगी कुठे राहते, किती दिवस जाणार, नातवाचं नाव काय. आईने सगळं सांगितलं, वर बोरन्हाण म्हणजे काय तेही सांगितलं. १० डिसेंबरला पासपोर्ट व्हिसाचं पान लागून आला. अर्जावर ज्यांचा नंबर दिला आहे त्यांना कोणताही फोन येऊ शकतो, हे सांगून ठेवलेलं बरं.

डिसेंबरात सामान. जपानमध्ये ताजी फळं, भाज्या, बिया, धान्य तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही, आणि मांसाचे पदार्थही नाहीत. म्हणजे बोरन्हाणाची बोरंच नाहीत. आईने निवडून ठेवलेला पाच किलो इंद्रायणीही साताऱ्यातच राहिला. कढीपत्त्याची जुडी मी शेवटच्या क्षणी तिच्या पिशवीतून काढली. नेता आलं ते तिळगूळ, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, आणि हलव्याचे दागिने. मुकुट, हार, बासरी, वाळे. साताऱ्यातल्या एका काकूंनी तिळाच्या हलव्याचे करून दिले होते. ते कापसात गुंडाळून स्टीलच्या डब्यात, आणि डबा हातातल्या बॅगेत.

औषधांचेही नियम आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं एक महिन्यापुरती नेता येतात, त्याहून जास्त असतील तर आधी परवानगी काढावी लागते. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं आणि खोकल्याच्या काही औषधांत कोडीन. ठरावीक प्रमाणापलीकडे ती जपानमध्ये चालत नाहीत. घरच्या औषधांच्या डब्यातून सरसकट मूठभर उचलून नेऊ नका, प्रत्येक पाकिटामागचं लिहिलेलं वाचा. आमच्या डॉक्टरांनी इंग्रजीत औषधांची यादी करून दिली, गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे घ्यायला सांगितले आणि दर दीड तासाने उठून चालायला सांगितलं. गोळीबद्दल म्हणाले, साडेतीन तासांच्या फरकाने बिघडत नाही, तिकडच्या नाश्त्याबरोबर घ्या. तुमच्या माणसाचं औषध वेगळं असेल तर हे विचारल्याशिवाय ठरवू नका. प्रवास विमा आईच्या वयामुळे ३,९०० रुपये पडला.

व्हीलचेअरला आई तयार नव्हती. "मी काय आजारी आहे?" मी तिला दिल्लीच्या टर्मिनल ३ मध्ये आत गेल्यावर किती चालावं लागतं ते समजावलं. शेवटी "तिथून तिथपर्यंतच" या अटीवर कबूल झाली. ही सोय तिकिटासोबत किंवा निदान दोन दिवस आधी कळवावी लागते, वेगळे पैसे पडत नाहीत. शाकाहारी जेवणाचंही तसंच, आधी नोंदवायचं.

८ जानेवारीला ती पुण्याहून दिल्लीला आली. सकाळचं विमान होतं, इकडे धुकं, अडीच तास उशीर. जानेवारीत दिल्लीहून परदेशी जायचं असेल तर जोडविमान त्याच दिवशी ठेवू नका. आम्ही तीन दिवस हातात ठेवले होते म्हणून माझा जीव शांत होता. त्या तीन दिवसांत 'व्हिझिट जपान वेब'वर दोघींची माहिती भरली. उतरल्यावर लागणारा क्यूआर कोड तिथून मिळतो.

११ जानेवारी, शनिवार. साडेचारला विमानतळावर. सुरक्षा तपासणीत हलव्याचा डबा अडला. अधिकारी बाईंनी झाकण उघडलं, मुकुट हातात घेतला, आणि विचारलं की हे काय आहे. आईने मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. बाईंनी तो तितक्याच हळुवारपणे परत ठेवला. विमान पंधरा मिनिटं उशिरा सुटलं.

समोरच्या पडद्यावर अंतर दिसत होतं: सहा हजार शंभरच्या आसपास. ५,८४० हा गोल पृथ्वीवर दोरा ताणल्यावरचा आकडा. तो दोरा दिल्लीहून ईशान्येला, थेट हिमालय ओलांडून तिबेटच्या पठारावरून जातो. आमचं विमान मात्र हिमालयाच्या दक्षिणेने उत्तर प्रदेश, बिहार करत पूर्वेला गेलं, मग म्यानमार, मग चीनचा युन्नान प्रांत आणि पुढे समुद्र. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला पटकन दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू बहुतेक विमानांत थोड्या मिनिटांपुरताच असतो. तिबेटचं पठारच सरासरी साडेचार हजार मीटर, म्हणजे पंधरा हजार फुटांच्या जवळपास. तिथे खाली यायला जागाच नाही. म्हणून वळसा.

आता वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. हिवाळ्यात जपानवरचा पट्टा जगातल्या सर्वांत जोरदार पट्ट्यांपैकी एक असतो, ताशी तीनशे किलोमीटरच्याही वर जाऊ शकतो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून हा वारा मोजला होता. त्याने तो अहवाल १९२६ साली एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला, जगाने वाचावा म्हणून. पण फार कुणी वाचला नाही, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी वैमानिकांना जपानवर तो वारा नव्याने भेटला. हे वाचल्यापासून मला त्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटते. आमच्या पडद्यावर चीनचा किनारा सुटल्यानंतर वेग ताशी १,१४० किलोमीटर दिसत होता. विमान स्वतः नेहमीच्याच वेगाने उडत होतं, बाकीचं वाऱ्याचं देणं.

पण लवकर पोचण्याचा एक तोटाही आहे. ती रात्र फार छोटी होते. जेवण नऊच्या सुमाराला आलं, दिवे मालवायला साडेदहा झाले, आणि आपल्या घड्याळाने रात्री दीडला नाश्ता आला. आईची झोप जेमतेम अडीच तास झाली. दर दीड तासाने आम्ही मागच्या मोकळ्या जागेपर्यंत जाऊन येत होतो. त्यासाठी तिला मार्गिकेच्या कडेची जागा घेतली होती. हानेदाला चाकं टेकली तेव्हा तिथे सकाळचे पावणेसात आणि आईच्या अंगात मध्यरात्रीचे सव्वातीन. पोचल्या दिवशी काहीही ठरवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते.

आत बोटांचे ठसे आणि फोटो. सीमाशुल्काच्या टेबलावर मी खाण्याचे पदार्थ आहेत असं स्वतःहून सांगितलं. त्यांनी तिळगूळ आणि डबा पाहिला, ताजं काही नाही ना एवढं विचारलं, आणि वाकून नमस्कार करून सोडलं. आईनेही वाकून नमस्कार केला. बाहेर बहीण बाळाला घेऊन उभी होती, आणि पुढची पाच-दहा मिनिटं आम्ही कुणीच काही बोललो नाही.

बहीण निशी-कासाईत राहते. एदोगावा प्रभागातला हा भाग भारतीयांच्या वस्तीसाठी ओळखला जातो. याच प्रभागाच्या सभेवर २०१९ साली भारतात जन्मलेले योगेंद्र पुराणिक निवडून आले होते. हानेदाहून केइक्यू रेल्वेने निहोम्बाशी, तिथे तोझाई मार्गावर बदल, आणि निशी-कासाई. स्टेशनांत लिफ्ट असते पण ती प्रत्येक दाराजवळ नसते, म्हणून चढण्याआधी डबा निवडावा लागतो. बहिणीला ते सगळं पाठ होतं.

बोरन्हाण १८ तारखेला, शनिवारी केलं. बोरांच्या जागी छोटी मिकान संत्री, द्राक्षं, चुरमुरे आणि गोळ्या. हारातले चार दाणे सोडले तर दागिने शाबूत पोचले होते. शेजारच्या दोन जपानी मुली सगळ्यांत पुढे होत्या फळं वेचायला.

परतीला २५ तारखेला आम्ही जास्त तयारीनिशी बसलो, कारण ही बाजू लांबची. आणि ती वेळापत्रकापेक्षाही लांबली. त्या दिवशी वारा जोरात होता. जपान सुटेपर्यंत पडद्यावर वेग ६९० च्या पुढे जाईना. आई अधूनमधून आकडा वाचून दाखवायची. गुडघे सहाव्या तासाला बोलायला लागले, तेव्हा हवाईसेविकेने मागच्या जागेत खुर्चीसारखं बसायला काढून दिलं. येताना सगळा प्रवास उजेडातला असतो, सूर्याच्या मागे मागे. त्यामुळे झोप येत नाही आणि वेळ जास्त वाटतो. वाचायला, ऐकायला काहीतरी न्या. आईने एक अख्खं टोपडं विणलं, सुई लाकडी होती. धातूची असती तर काय झालं असतं ते मी तपासलं नव्हतं.

यावेळी तिच्यासाठी मुद्दाम उजवीकडची खिडकी घेतली होती. पश्चिमेला जाताना उत्तर उजव्या हाताला येते. बिहारच्या वर आलो तेव्हा आपल्याकडचे साडेतीन वाजत आले होते आणि ढगांच्या पलीकडे पांढऱ्या शिखरांची रांग सुरू झाली. ती संपेचना. अर्धा तास, पाऊण तास. आई काचेला कपाळ टेकून बसली होती. मधेच म्हणाली, "यांच्यावरूनच नाही ना जाता येत?" मी हो म्हटलं.

दिल्लीत उतरलो तेव्हा पाच वाजायला पाच मिनिटं होती. पावणेदहा तास. या वेळी व्हीलचेअर आईने स्वतः मागितली. घरी आल्यावर सात वाजता ती झोपली. टोकियोत तेव्हा साडेदहा झाले होते. पुढचे तीन दिवस पहाटे साडेतीनला उठायची, मग हळूहळू बसलं.

काल साताऱ्याहून शेजारच्या काकूंचा फोन होता. त्यांचा मुलगा मार्चमध्ये त्यांना तिकडे बोलावतो आहे. त्यांनीही तेच विचारलं, किती लांब आहे हो. आई म्हणाली, "जायला साडेसात तास, यायला पावणेदहा. लग्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. आणि येताना उजवीकडची खिडकी मागा."